बो ब्रमेल

जॉर्ज ब्रायन ब्रमेल ऊर्फ बो ब्रमेल (७ जून, इ.स. १७७८ – ३० मार्च, इ.स. १८४०) हा इंग्लंडमधील रीजन्सी काळात पुरुषांच्या वेशभूषेचा आदर्श मानला गेलेला गृहस्थ होता. तो उमराव नव्हता, सैन्यात किंवा राजकारणातही त्याने नाव कमावले नाही. तरीही सुमारे दीड दशक लंडनच्या उच्चभ्रू समाजात कोणी काय घालावे हे त्याच्या आवडीवरून ठरत असे. भरतकाम केलेला रेशमी दरबारी कोट मागे पडून त्याच्या जागी गडद रंगाचा, अंगाबरोबर बसणारा लोकरी कोट रूढ झाला, त्या बदलाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. सुटाचा जनक असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते, मात्र ते शब्दशः खरे नाही.

प्रारंभिक जीवन

ब्रमेलचा जन्म लंडनमध्ये झाला. त्याचे वडील विल्यम हे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खाजगी सचिव होते. शिक्षण ईटन येथे व नंतर थोडा काळ ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात झाले. इ.स. १७९४ मध्ये तो १० व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाला. युवराज जॉर्ज (पुढे राजा चौथा जॉर्ज) हा स्वतः या रेजिमेंटचा कर्नल होता, आणि कोवळ्या वयाच्या या अधिकाऱ्यावर त्याची मर्जी बसली. इ.स. १७९६ मध्ये ब्रमेल कॅप्टन झाला. रेजिमेंटची मँचेस्टरला रवानगी होताच मात्र त्याने नोकरी सोडली. लंडनपासून दूर राहणे त्याला मानवणारे नव्हते.

सज्ञान झाल्यावर वडिलार्जित संपत्तीतील वाटा त्याच्या हाती आला. ही रक्कम साधारण ३०,००० पौंड असल्याचे मानले जाते. मेफेअर भागातील चेस्टरफील्ड स्ट्रीटवर त्याने घर केले. एका अविवाहित तरुणाला सुखाने जगण्यास ती संपत्ती पुरेशी होती. ज्यांच्याबरोबर तो वावरत होता त्यांच्या तुलनेत ती किरकोळ होती.

वेशभूषा

अठराव्या शतकातील दरबारी कोट रेशमाचा किंवा मखमलीचा असे, त्याला लांब घेर असे आणि त्याची किंमत जर, भरतकाम व बटणांवरून ठरत असे. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदार मात्र घोड्यावर बसण्यासाठी साधा लोकरी कोट वापरत. मांडीवर कापड गोळा होऊ नये म्हणून त्याचा पुढचा घेर कमरेपाशीच कापलेला असे व मागे दोन शेपट्या राहत. ब्रमेलने हाच कोट शहरात आणला, हे म्हणणेही काहीसे ढोबळ आहे, कारण तो त्याच्या आधीपासून शहरात येऊ लागला होता. ब्रमेलने त्यातील अघळपघळपणा काढून टाकला.

दिवसा गडद निळा कोट व त्याला पितळी बटणे, फिकट पिवळसर वेस्टकोट, हरणाच्या कातड्याची तंग विजार आणि उंच बूट असा त्याचा वेश असे. संध्याकाळी निळा कोट, पांढरा वेस्टकोट आणि घोट्यापर्यंत घट्ट बसणारी काळी पँटालून. विजार ताणलेली राहावी म्हणून पायाखालून पट्टी घेण्याची युक्ती त्याची की मेयर या शिंप्याची, यावर तेव्हाही एकमत नव्हते.

अलंकार काढून टाकल्यावर कोटाचा सगळा भार बेतण्यावर येतो. लोकर येथे उपयोगी पडली. वाफ आणि इस्त्रीने लोकरी कापड ताणता किंवा आकसवता येते, त्यामुळे छाती, खांदा व पाठ यांचा आकार कापडालाच देता येतो. रेशमाला हे जमत नाही. दाट कुटलेल्या लोकरी कापडाच्या कडांचे धागेही सहज सुटत नाहीत. कॉर्क स्ट्रीटवरील श्वाइट्झर अँड डेव्हिडसन, ओल्ड बाँड स्ट्रीटवरील वेस्टन आणि कंड्युइट स्ट्रीटवरील मेयर हे त्याचे शिंपी होते. पुढे शिवणकामासाठी जगप्रसिद्ध झालेली सॅव्हिल रो ही गल्ली याच परिसरात आहे.

कोटाइतकीच ख्याती त्याच्या गळ्याभोवतीच्या क्रॅव्हॅटची होती. हे पांढरे तागाचे कापड हलकी खळ देऊन एकाच प्रयत्नात बांधले जाई; घडी चुकली की ते टाकून नवे घेतले जाई. त्याचा नोकर चुरगळलेल्या क्रॅव्हॅटची चळत घेऊन जिना उतरत असे, अशी आख्यायिका आहे. बूट शँपेनने पुसण्याची कथा बहुधा त्याने स्वतःच गंमत म्हणून पसरवली असावी. रोज स्नान, दात घासणे आणि स्वच्छ दाढी हा त्याचा आग्रह मात्र खरा होता. त्याचे आवरणे पाहण्यासाठी खुद्द युवराज त्याच्या घरी येऊन बसत असे.

युवराजाशी बिघाड

इ.स. १८११ मध्ये युवराज रीजंट झाला. याच सुमारास दोघांत दुरावा आला. जुलै १८१३ मध्ये ब्रमेल व त्याच्या तीन मित्रांनी दिलेल्या नृत्यसमारंभात रीजंटने लॉर्ड अल्व्हनली याच्याशी बोलून ब्रमेलकडे पाहिलेही नाही. तेव्हा ब्रमेलने अल्व्हनलीला, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचा हा लठ्ठ मित्र कोण असे विचारले. रीजंट आपल्या वाढत्या देहाबद्दल हळवा होता. यानंतर समेट झाला नाही.

ब्रमेलची प्रतिष्ठा लगेच ढासळली नाही, परंतु सावकार व दुकानदार जिच्या भरवशावर थांबत होते ती राजाश्रयाची हमी गेली. त्यातच जुगाराचे कर्ज वाढत गेले. १६ मे, १८१६ रोजी रात्री नाट्यगृहात हजेरी लावून तो तेथूनच डोव्हरला निघाला आणि समुद्र ओलांडून फ्रान्समधील कॅले येथे पोहोचला. त्याच्या घरातील वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला.

फ्रान्समधील वास्तव्य व मृत्यू

कॅले येथे तो चौदा वर्षे मित्रांच्या मदतीवर राहिला. तेथे त्याने पोशाखाच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला, तो इ.स. १९३२ मध्ये छापला गेला. इ.स. १८३० मध्ये त्याला कां या शहरात ब्रिटिश वाणिज्यदूताचे पद मिळाले. अधिक चांगल्या जागी बदली होईल या आशेने त्याने हे पद अनावश्यक असल्याचे सरकारला कळवले. सरकारने ते मान्य करून इ.स. १८३२ मध्ये पदच रद्द केले. इ.स. १८३५ मध्ये कर्जापायी त्याला तुरुंगवास झाला व मित्रांनी पैसे भरून त्याची सुटका केली. पुढे धुलाईचा खर्च परवडेना म्हणून पांढऱ्या क्रॅव्हॅटच्या जागी त्याच्या गळ्यात काळे रेशमी कापड आले.

शेवटच्या वर्षांत त्याच्या मनाचा तोल गेला. मेणबत्त्या लावून तो काल्पनिक पाहुण्यांचे स्वागत करत असे, आणि त्यांतील अनेकजण तोवर मरण पावले होते, असे त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. कां येथील ‘बाँ सोव्हर’ या मनोरुग्णालयात ३० मार्च, १८४० रोजी त्याचे निधन झाले.

कोटाची पुढील रूपे

ब्रमेलचा कोट आणि विजार एकाच कापडाची नसे. एकाच कापडाचा सूट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. दोन शेपट्यांचा कोट दिवसाच्या वापरातून जाऊन रात्रीच्या समारंभापुरता उरला. दिवसासाठी गुडघ्यापर्यंत घेर असलेला फ्रॉक कोट आला. त्यानंतर कमरेला आडवी शिवण नसलेला, आखूड व सैलसर लाउंज कोट आला, आणि आजचे जाकीट त्याचे वंशज आहे. पुढच्या पाळी किंचित एकमेकींवर येऊन बटणांची एकच रांग असलेले सिंगल-ब्रेस्टेड व पाळी रुंद जाऊन दोन रांगा दिसणारे डबल-ब्रेस्टेड हे दोन्ही प्रकार ब्रमेलच्या काळीही होते. पाठीमागची मधली चीर घोडेस्वारीची खूण आहे.

चरित्रे व स्मारके

कॅप्टन विल्यम जेसी याने इ.स. १८४४ मध्ये ब्रमेलचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी फ्रेंच लेखक बार्बे दोरव्हिली याने त्याच्यावर निबंध लिहिला. इ.स. १९५४ च्या ‘बो ब्रमेल’ या चित्रपटात स्टुअर्ट ग्रेंजरने त्याची भूमिका केली. चेस्टरफील्ड स्ट्रीटवरील त्याच्या घरावर निळी स्मृतिपाटी आहे. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर, शर्ट आणि बुटांच्या दुकानांच्या रांगेत, इरेना सेडलेत्स्का यांनी घडवलेला त्याचा पुतळा इ.स. २००२ मध्ये बसवण्यात आला.