महादजी आणि राणेखान

यंदाच्या सहलीत आम्ही कॅडेट्स दिल्लीचा लाल किल्ला पाहायला गेलो. किल्ल्यात इंग्रजांनी बांधलेल्या बराकींमध्ये आता संग्रहालये आहेत. १८५७ चा उठाव आणि आझाद हिंद सेना ही दालने पाहून आम्ही दिवाण-ए-खासपाशी आलो. सरावात माझा गुडघा दुखावला होता, म्हणून मी सर्वांत मागे होतो. माझी पिशवी मित्राने उचलली होती. तिथे सरांनी महादजी शिंदे यांचे चरित्र सांगितले.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. घराणे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर त्यांचे बंधू दत्ताजी धारातीर्थी पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. पुतणे जनकोजीही मारले गेले. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने महादजींना पायावर घाव घालून रस्त्यात टाकले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेत आणले. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि महादजी त्यांत होते. पुढच्या जानेवारीत बादशहा शाहआलम मराठ्यांच्या बळावर गादीवर परतला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना माघार घेणे भाग पडले, त्यातही महादजींचा मोठा वाटा होता. पानिपतावरून धडा घेऊन त्यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभारल्या.

१७८७ मध्ये लालसोटला पुन्हा अपयश आले. १७८८ मध्ये गुलाम कादिरने याच किल्ल्यात बादशहाचे डोळे काढले. त्याच वर्षी महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली. त्या फौजेचा सरदार होता राणेखान! महादजी त्या भिस्त्याला विसरले नव्हते. ते त्याला भाऊ मानत. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या लढायाही त्यांनी जिंकल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. तिथे त्यांची छत्री आहे.

क्रॉस-कंट्रीच्या संघातून नाव काढून घ्यायचे मी ठरवले होते. आता गुडघा बरा झाला की पुन्हा सरावाला उतरणार आहे. परतताना मित्राकडून पिशवी मागून घेतली, तर त्याने दिलीच नाही. बसमध्ये खिडकीची जागा मी त्याला दिली.