पंधराचे दोनशे पंचवीस : पंडिता रमाबाईंची प्रार्थना

आजचं वचन : मत्तय ६:५-८



दार लावून, कोणाला न दाखवता बापाशी बोला, असं येशू शिकवतो. पण त्या बंद दाराआड आपण मागतो काय? बहुतेक वेळा माझी नोकरी, माझी परीक्षा, माझं लग्न. हे मागणं चूक नाही. पण यादी तिथेच संपते का?

पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) विचार करा. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली. लग्नानंतर दोन वर्षांतच पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी सुमारे आठ वर्षांनी त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. तेव्हा त्या नावाजलेल्या विदुषी होत्या. देवापुढे मुखवटा काढणं सोपं नव्हतं. पण त्यांनी तो काढला.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मेळावा भरला होता. शारदा सदनातल्या १५ मुली तेव्हा विश्वासात आल्या होत्या. एका पहाटे रमाबाई एकट्याच रानात प्रार्थनेला गेल्या आणि त्यांनी देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला : १५ गुणिले १५, म्हणजे २२५! इतक्या मुलींना ठेवायला जागा नव्हती. तरी मागितलं.

त्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे रमाबाईंनी भोगलं होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि भुकेल्या, आजारी, निराधार मुलींना घेऊन आल्या. सुमारे ३०० जणी! पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती मिशन झालं.

बघा, त्यांनी जे मागितलं ते त्यांच्याच दारात आलं. अंगावर चिंध्या, पोटात भूक घेऊन आलं. ‘प्रभू, त्यांना सांभाळ’ म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. दुसऱ्यासाठी खरं मागणारा स्वतःचे हातपायही देवाच्या हवाली करतो.

आज एकच करा. एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि त्याच्यासाठी आपण काय करावं हेही देवाला विचारा.

प्रार्थना : हे बापा, माझ्या प्रार्थनेतला ‘मी’ कमी कर. ज्याच्यासाठी मागतो, त्याच्याकडे मला पाठव. येशूच्या नावाने, आमेन.