तांब्यावरची शहरं

होस्टेलवर आल्यावर मी सर्वांत आधी काय शिकलो असेन, तर जीटी! टेबलावर काच, खाली ट्यूबलाईट आणि वर रूम पार्टनरची शीट. अशातच लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात डच शहरांचे जुने नकाशे सापडले. रस्ते, कालवे, तटबंदी, बंदरातली जहाजं, सगळं केसाएवढ्या रेषांत. खाली नाव होतं योआन ब्लाउ.

योआनचा जन्म सोळाव्या शतकाच्या अखेरीस अल्कमारचा. वडील विलेम हे टायको ब्राहेंचे शिष्य. ॲमस्टरडॅममध्ये ते पृथ्वीगोल आणि नकाशे बनवायचे. योआन कायद्याचा डॉक्टर झाला, पण वकिली सोडून घरच्या धंद्यात शिरला. १६३८ मध्ये वडील वारले आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नकाशाकाराचं पदही त्याच्याकडे आलं.

तेव्हा नकाशा छापायचा म्हणजे गंमत नव्हती. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने चित्र उलटं कोरायचे, अक्षरंसुद्धा उलटी! मग शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून दाबून काढायचा. चूक झाली तर खोडरबर नाही. पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा.

स्पेनबरोबरचं ऐंशी वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं. लगेच १६४९ मध्ये योआनने उत्तर आणि दक्षिण नेदरलँड्सच्या शहरांचा दोन खंडांचा ॲटलास काढला. त्यात दोनशेच्या वर नकाशे! सगळे काही त्याने स्वतः मोजलेले नव्हते. जुने नकाशे त्यानेही वापरले. पण गावोगावच्या नगरपालिकांकडून नवीन नकाशे आणि माहिती मागवली. म्हणजे जीटी होती, पण डोळे उघडे ठेवून.

१६६२ मध्ये त्याचा जगाचा ॲटलास लॅटिनमध्ये अकरा खंडांत आला. आणि दहा वर्षांनी, फेब्रुवारी १६७२ मध्ये, त्याच्या छापखान्याला आग लागली. पत्रे, खिळे, कागद, बरंच काही गेलं. त्याच वर्षी फ्रेंचांनी देशावर स्वारी केली, राजकारण फिरलं आणि ॲमस्टरडॅमच्या नगर परिषदेतली त्याची जागाही गेली. १६७३ मध्ये तो वारला.

वाचून मी सुन्न झालो. माझी एक शीट चहा सांडून खराब झाली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो! पण छापखाना जळला तरी आधी विकले गेलेले नकाशे घराघरांत, ग्रंथालयांत होते. तेच आज आपण बघतो.

सेमिस्टरच्या शेवटच्या शीटला मी काच परत केली. रात्रभर जागून स्वतः काढली. सरांनी लाल पेनने तीन ठिकाणी गोल केले. पण काय सांगू, ती शीट मी अजून जपून ठेवली आहे.