काका बाप्टिस्टा : नगरसेवेचा एक आदर्श

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी संतांची चरित्रे आठवावीत, हे उचितच होय. परंतु ज्यांनी देवळाबाहेर, नगराच्या चव्हाट्यावर जनसेवा केली, अशा गृहस्थांचे स्मरणही आम्हांस अगत्याचे वाटते. सार्वजनिक कामात चिखल फार, भल्या माणसाने त्यात पडू नये, असे आपल्या समाजात पुष्कळदा ऐकू येते. कै. जोसेफ बाप्टिस्टा यांचे चरित्र हेच त्या समजुतीस उत्तर होय.

त्यांचा जन्म ता. १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथे झाला. घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. पुण्यास इंजिनिअरिंगचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ सरकारी जंगल खात्यात नोकरी केली. पुढे ते विलायतेस गेले, १८९९ साली केंब्रिजची पदवी मिळविली आणि बॅरिस्टर होऊन स्वदेशी परतले.

१९०१ साली ते मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. १८९६ साली शिरलेला प्लेग तेव्हा पुरता हटला नव्हता. चाळींतील दाटी, तुंबलेली गटारे, पिण्याचे पाणी हे गरिबांच्या जीवनमरणाचे प्रश्न होते. परंतु ज्यांचे प्राण या प्रश्नांत गुंतले होते, त्या बहुतेकांस मतच नव्हते; मत होते ते कर भरणाऱ्या थोड्यांस. भाडेकरूंस तो अधिकार १९२२ सालच्या कायद्याने मिळाला. शिवाय १८८८ च्या कायद्यान्वये अंमलबजावणीची सत्ता सरकारने नेमिलेल्या कमिशनरच्या हाती होती. सभासदाने अंदाजपत्रक तपासावे, प्रश्न विचारावेत, पुन्हा पुन्हा पाठपुरावा करावा. अशा कामात कीर्ती थोडी आणि कष्ट फार. तरीही बाप्टिस्टांनी सतरा वर्षे ते केले.

ज्यास नगराचा कारभार नागरिकांच्या हाती असावा असे वाटते, त्यास देशाचा कारभारही देशवासीयांच्या हाती असावा असे वाटणे क्रमप्राप्तच आहे. लोकमान्य टिळकांचा व त्यांचा स्नेह जडला, आणि १९१६ साली बेळगाव येथे टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. तत्पूर्वी १९१० साली सावरकरांच्या खटल्यात त्यांनी बचावाचे वकीलपत्र घेतले होते. कॅथोलिक मनुष्य परक्या सत्तेचा पाठीराखा असावयाचाच, हा समज त्यांनी आपल्या आचरणाने खोटा पाडिला. भिन्नधर्मीय लोकही त्यांस प्रेमाने काका म्हणत.

श्रमिकांविषयी त्यांची कळकळ तितकीच थोर होती. तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ साली आपल्या विश्वपत्राने मजुरांस योग्य वेतनाचा व संघटनेचा हक्क आहे, असे जगास बजाविले होते. इकडे १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा बाप्टिस्टा तिच्या पुढाऱ्यांत होते. आणि पुढल्याच वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मसभेची शिकवण व एका गृहस्थाचे कार्य यांचा हा मेळ आम्हांस विशेष चिंतनीय वाटतो.

१९२५ साली त्यांची म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षपदी निवड झाली. या पदास पुढे १९३१ सालापासून महापौर हे नाव मिळाले. ता. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

माझगावच्या टेकडीवरील उद्यानास आज त्यांचे नाव आहे. वरती मुले खेळतात, खाली म्युनिसिपालिटीचा भंडारवाडा जलाशय आहे. नळ सोडताना त्या जलाशयाची आठवण कोणी करीत नाही, तरी घरोघरी पाणी पोहोचते. उत्तम नगरसेवा अशीच असते.

आमच्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. मतदारयादीत नाव नोंदविणे, वॉर्डातील गाऱ्हाणे कचेरीत नेऊन तडीस लावणे, शेजारी कोणत्याही धर्माचा असो त्याच्या न्याय्य मागणीस साथ देणे, ही शेजारप्रीतीचीच कृत्ये होत. आमच्या धर्मग्रामातून असे सेवक निपजोत, आणि काकांच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो, हीच या महोत्सवी आमची प्रार्थना.