महिना चार रुपये पगाराचा गोलंदाज

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, मी बाळू पालवणकरांवर लिहिते, असं संपादक मंडळाला कळवलं तेव्हा हे कोण असा उलट प्रश्न आला. ज्यांनी विचारलं ते नववीत माझ्या मागच्याच बाकावर होते, म्हणजे त्या दिवशी तेही वर्गात असणार. तुर्भ्याचा पाऊस, मैदानाचं तळं झालेलं, त्यामुळे पी.टी.चा तास वर्गातच झाला होता. सरांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला, ११४, आणि तो कशाचा ते ओळखायला सांगितलं. मुलांनी भराभर फलंदाजांची नावं घेतली. शतक असणार, दुसरं काय! सरांनी मान हलवली. एका माणसाने एका इंग्लंड दौऱ्यात घेतलेल्या त्या विकेट होत्या. मुलींना तेव्हा मैदानात फारसं कुणी विचारत नसे, म्हणून असेल, पण मी तो तास कान देऊन ऐकला. पुढे मिळेल ते वाचलं. ही त्या तासाची उजळणी समजा.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. चर्मकार समाजातलं कुटुंब, वडील लष्कराच्या नोकरीत पुण्यात. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. तिथून ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये. काम तेच, शिवाय नेट लावायचं, टेनिस कोर्टच्या रेषा आखायच्या, आणि साहेब लोकांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना गोलंदाजी करायची.

या शेवटच्या कामातून गोलंदाज घडला. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळी हिंदुस्थानातले सर्वांत चांगले इंग्रज फलंदाज मानले जात. ते बाकीच्यांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करत. बाद केलंस तर दर वेळी आठ आणे, असा त्यांचा सौदा होता म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी एपीएमसीत सुट्टीत हमालीची कामं केली त्यांना सांगायला नको. डावखुरी संथ फिरकी, एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहायचा, मधेच वेग बदलायचा, हे सगळं त्या नेटमध्ये घोटलं गेलं. समोर उत्तम फलंदाज आणि हाताला हजारो चेंडू, आजची कुठलीही क्रिकेट अकादमी याहून वेगळं काय देते?

एक गोष्ट मात्र त्या नेटमध्ये बाळूंना कधीच मिळाली नाही. बॅट. इतकी वर्षं ते तिथे होते, पण फलंदाजीचा सराव त्यांना कुणी दिला नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू नोकराने टाकायचे.

पुण्याच्या हिंदू क्लबला साहेबांना हरवायचं होतं, आणि साहेबांना रोज बाद करणारा माणूस गावातच होता. त्याला घ्यायचं की नाही यावर क्लबात वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. विकेट घेऊन झाल्या की माणूस पुन्हा बाहेर.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले. रेल्वेत नोकरी लागली, हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. रणजी करंडक सुरू झाला १९३४ साली, त्याच्या कितीतरी आधीचा हा काळ. देशात मोठं क्रिकेट म्हणजे मुंबईतले जातीधर्मांचे सामने. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुस्लिमांसह चौरंगी. संघ धर्मावर पाडलेले, ही त्यातली खोट उघडच आहे. पण भरगच्च मैदान, खालच्या मॅटिंगऐवजी खरी खेळपट्टी आणि समोर इंग्लंडमध्ये खेळलेले फलंदाज असे एकत्र दुसरीकडे कुठे नव्हते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

मग १९११. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. प्रथम श्रेणीचे चौदा सामने झाले, त्यातले दहा गमावले. जिंकले फक्त दोन, लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याविरुद्ध. बाळूंचं वय पस्तिशीचं, खांदा दुखावलेला, हवा थंड आणि ओली, मैदानं अनोळखी. तरीही केंब्रिजविरुद्ध एका डावात आठ बळी, आणि सगळे सामने धरून सरांनी फळ्यावर लिहिलेले ११४. पुण्यातल्या त्या नेटनंतर त्यांना इंग्लिश फलंदाजांचं नवल कशाचं वाटणार?

इथे आपल्याच वर्गातल्या एकाबद्दल लिहिते. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. तोही डावखुरा. पहाटे बसने सानपाड्याला, तिथून हार्बरच्या लोकलने खाडीपलीकडे, एका नेटवर तीन वर्षं जात होता. तिथे त्याला फक्त गोलंदाजीला उभं करायचे. पॅड बांधलेली मुलं मोठ्या शाळांची, हा त्यांना चेंडू टाकणारा. निवड चाचणीत त्याला दहाव्या क्रमांकावर पाठवलं, दोन चेंडूंत बाद झाला, आणि चिठ्ठीवर शेरा पडला की फलंदाजी कच्ची. आज मुंबईत गाइल्स शील्ड आहे, हॅरिस शील्ड आहे, मग सोळाखालील, एकोणीसखालील, तेवीसखालील, मग रणजी. पायऱ्या चोख आहेत, मी नाकारत नाही. पण पायरी चढायला जे लागतं ते खालच्या पायरीवर मिळालंच नसेल, तर वरचा निवडणारा काय बघणार? आमच्या कामात याला चुकीच्या डेटावर चाचणी घेणं म्हणतात.

बाळूंच्या बाबतीत पुढची पायरी होती कर्णधारपदाची. देशातला सर्वांत यशस्वी गोलंदाज, दहा वर्षं संघात, अनुभव सगळ्यांहून जास्त. तरी कर्णधारपद दर वेळी दुसऱ्याकडे गेलं. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, आणि हा मान बाळूंचा होता असं त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. गाजावाजा झाला, तिघेही अंतिम सामन्याला परत आले, बाळू उपकर्णधार म्हणून. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे संघ बाळूंच्या हाती यावा. एवढ्या कारकिर्दीत तेवढंच. तीन वर्षांनी कर्णधारपद धाकट्या विठ्ठलकडे आलं आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली. विठ्ठल पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहून गेले. या घरातलं बरंच काही आपल्यापर्यंत पोहोचलं ते त्यामुळे.

बाळूंच्या नावावर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी पंधराच्या आसपास. कसोटी एकही नाही. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्याच वर्षी पुणे कराराच्या घडामोडींत ते होते, आणि १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. हा भाग वाचताना मला अवघड जातं. बाबासाहेबांना त्यांच्याबद्दल आदर होता, आणि दोघांचा प्रश्न एकच होता. बाळूंना आतून बदल होईल असं वाटत होतं. पै मैदानाबाहेर जाताना ज्याने पाहिले, त्याला तसं वाटणं मी समजू शकते, पण पटत नाही.

१९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, इंग्लंडविरुद्ध. त्यात बारा बळी घेतले विनू मंकड यांनी, डावखुऱ्या संथ फिरकीवर. बाळू तेव्हा हयात होते. जुलै १९५५ मध्ये मुंबईत ते गेले.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, नेरूळच्या स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा वरच्या स्टँडमध्ये आपल्या वर्गातले आम्ही सहा जण होतो. तो डावखुराही होता. पूर्ण सामनाभर तो फिरकी गोलंदाजांच्या मनगटाकडे बघत होता, धावफलकाकडे एकदाही नाही. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच ठरली आहे. संघ कोण पाडणार ते पाडा, पण त्याला सलामीला पाठवा.