भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न

भूकंप केव्हा होईल हे कोणासच सांगता येत नाही. मग त्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हात जोडून वाट पाहत बसावे काय? लिव्हरपूल येथे 1850 साली जन्मलेल्या जॉन मिल्न यांना हे मान्य नव्हते.

खाणकाम व भूगर्भशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून जपान सरकारने त्यांस टोकियोस बोलाविले. सागरप्रवासाचे त्यांना वावडे. म्हणून 1875 साली निघून सैबेरिया, मंगोलिया, चीन अशी बहुतेक वाट त्यांनी खुष्कीने आक्रमिली. 1880 साली योकोहामास भूकंपाचा धक्का बसला आणि त्याच वर्षी, मुख्यतः त्यांच्या पुढाकाराने, जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. जगात अशी संस्था हीच पहिली.

युइंग आणि ग्रे या सहकाऱ्यांसह त्यांनी भूकंपलेखक यंत्रे सिद्ध केली. त्या यंत्रांनी काढलेली रेषा पाहिली म्हणजे कळते की, भूकंप हा लंबकासारखा एकसारखा हेलकावा नव्हे. आरंभी बारीक थरथर, मग एकाएकी जोराचे हिसके, शेवटी लांबत जाणारे मंद झोके. क्षणाक्षणाला त्याचा जोर बदलतो आणि चालही बदलते.

पण मिल्न निसर्गावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी स्वतःच लहान लहान भूकंप घडविले! उंचावरून जड लोखंडी गोळा भूमीवर आदळावयाचा, सुरुंग उडवावयाचे, आणि निरनिराळ्या अंतरांवर मांडलेल्या यंत्रांनी ती कंपने टिपून घ्यावयाची. शेजाऱ्यांस काय वाटत असेल, कोण जाणे!

28 ऑक्टोबर 1891 रोजी मिनो-ओवारी प्रांतांत महाभूकंप होऊन सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाश्चात्त्य पद्धतीच्या विटांच्या इमारती कोसळल्या, नागारा नदीवरील लोखंडी रेल्वेपूल मोडला. परकी इंजिनिअरांच्या विद्येचा तो पराभवच होता, असे आम्ही समजतो. पुढे मिल्न आणि त्यांचे तरुण सहकारी ओमोरी यांनी हलत्या मंचावर विटांचे खांब उभारून, ते किती जोराच्या हिसक्याने उलथतात वा मोडतात, हे मोजले. आज संगणकावर कृत्रिम भूकंप रचून धरणांची परीक्षा घेतात. त्यातही तो चढता-उतरता जोर मुद्दाम घालावा लागतो.

1895 च्या फेब्रुवारीत आग लागून मिल्न यांचे घर, वेधशाळा व ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. जवळजवळ वीस वर्षांची कमाई गेली. त्याच वर्षी जपानी पत्नी तोने यांच्यासह ते इंग्लंडास परतले आणि वाइट बेटावरील शाइड येथे त्यांनी नवी वेधशाळा थाटली. आपली यंत्रे त्यांनी देशोदेशी बसवविली. मुंबईची कुलाबा वेधशाळा त्यांतलीच एक. ठिकठिकाणच्या नोंदी शाइडला येत आणि मिल्न त्या छापून प्रसिद्ध करीत. 31 जुलै 1913 रोजी ते निवर्तले. काही वर्षांनी तोनेबाई जपानला परतल्या.