रेव्हरंड नारायण शेषाद्री

भोकरदनाहून राजूरच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे जालना शहर लागते. या शहराजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. हे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु ती वसविणाऱ्या पुरुषास प्रथम आपल्या घरास मुकावे लागले होते, हे थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहो.

नारायण शेषाद्री हे दक्षिणी ब्राह्मण कुळातील होते. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात ते शिकले, व १८४३ च्या सप्टेंबरात रे. रॉबर्ट नेसबिट यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे पंगत, पाणवठा, सणवार आणि सोयरीक या सर्वांस एका दिवसात अंतरणे होते.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही थोरल्याच्या पाठोपाठ मिशनच्या आश्रयास आला. तो सुमारे बारा वर्षांचा होता. पित्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलास पित्याच्या स्वाधीन केले. परंतु ख्रिस्ती घरी राहिलेल्या मुलास जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष धरला व त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. आम्ही ख्रिस्ती असलो तरी त्या पित्यास दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. एक पुत्र दुरावल्यावर दुसऱ्यास कवटाळू पाहणाऱ्या बापाचे दुःख कोण नाकारील? भाऊ भावास अंतरला, हे मात्र खरे.

अशा वेळी नारायणरावांस नवे कुटुंब मिळाले ते मंडळीत. विल्सन व नेसबिट हे त्यांस वडिलांच्या ठिकाणी होते. धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण १८३९ साली याच अग्निदिव्यातून गेले होते; ब्राह्मणाच्या मुलास तेच आता भाऊ झाले. या कुटुंबावरही संकट होतेच. १८४३ सालीच स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली, आणि विल्सनसाहेबांच्या पक्षास पुढे विद्यालयाची नवी इमारत सोडावी लागली. तरी एकमेकांस कोणी सोडले नाही.

ज्यास आसरा मिळतो तो कित्येकदा दार लावून स्वस्थ बसतो. नारायणरावांनी तसे केले नाही. इसवी सन १८६० नंतरच्या दशकात ते निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. तेथे त्यांचे ऐकण्यास पुढे आले ते बहुतांशी मांग व महार समाजाचे लोक. ज्यांची सावली त्यांच्या पूर्वजांनी टाळली होती, त्यांच्यामध्ये हा ब्राह्मण राहिला. गावकीत त्यांस थारा मिळेना, तेव्हा हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळविली व तीवर बेथेल वसविले. तेथे शेती झाली, शाळा झाली, उपासनामंदिर झाले. या कार्याची हकीकत सांगण्यास ते समुद्रापार गेले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेतही ते होते. १८९१ साली त्यांचा अंत झाला.

बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोब बापाचे घर सोडून, भावाशी वैर होऊन, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजला, त्या जागेस त्याने हे नाव दिले, असे शास्त्रात आहे. नारायणरावांच्या वसाहतीस हे नाव किती साजते, हे वाचकांनीच पाहावे.

मंडळी लूथरपंथी असो, स्कॉटिश असो वा अन्य कोणती. घर अंतरलेल्यास ती कुटुंब होत नसेल तर तिच्या पंथाच्या नावास फारसा अर्थ नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी गावापासून दूर, एकटा राहत असेल. त्यास आपल्या ताटाशेजारी जागा करून देण्यास मोठी वसाहत लागत नाही.